सीमाभागातल्या पोरांना सिनेमा कोण शिकवणार?

गोव्यातल्या माणसाला बेळगाव कधीच परके वाटले नाही. पोर्तुगीज अमदानीत आमच्याकडची कितीतरी मुले घाट चढून बेळगावला शिकायला गेली, मॅट्रिक होऊन परतली, काही तिथलीच झाली. आजही आमच्या बाजारातली भाजी आणि दूध त्या वाटेने खाली उतरते. पण बेळगाव-निपाणी म्हटले की आमच्यासुद्धा डोळ्यांपुढे येतो तो सीमाप्रश्न. १ नोव्हेंबरचा काळा दिन, मोर्चा, फलकाला फासलेले काळे, आणि संध्याकाळच्या बातम्यांत त्याचीच दोन मिनिटे. हा सगळा मुलूख आपण पाहतो तो दुसऱ्याच्या कॅमेऱ्यातून. तिथली पंधरा-सोळा वर्षांची मुले-मुली स्वतः कॅमेरा धरायला कुठे शिकतात, पूर्वी कधी शिकली होती काय, आणि त्यांना शिकवले कोणी, हा प्रश्न मला बरेच दिवस छळतो आहे. त्याचा माग काढू लागल्यावर एक गोष्ट लक्षात आली. सिनेमा शिकवण्याची या भागाला स्वतःची रीत होती, आणि ती शाळा-कॉलेजांच्या कितीतरी आधीची होती.

नकाशा थोडा डोळ्यांपुढे आणू या. निपाणीहून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटर, तर बेळगाव पंचाहत्तरच्या आसपास. १९५६ च्या १ नोव्हेंबरला भाषावार प्रांतरचना झाली आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यापूर्वी कोल्हापूर, निपाणी, चिकोडी, बेळगाव, धारवाड, हुबळी हा एकच राबता रस्ता होता. नाटक कंपन्या त्याच रस्त्याने जात, तंबाखूचे आणि गुळाचे व्यापारी त्याच रस्त्याने जात. मिरजेहून बेळगाव, लोंढा करत हुबळीला जाणारी आगगाडीही होतीच. सिनेमा शिकलेली पहिली पोरे याच वाटेवर सापडतात.

सुरुवात अर्थात कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांपासून करायला हवी. बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० चा. घरची परंपरा कारागिराची, लाकूड, लोखंड, मूर्ती, चित्र या सगळ्यांत हात चालणारी. बाबूराव आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. १९१३ मध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघांना सिनेमाने झपाटले. कॅमेरा विकत घेण्याइतका पैसा नव्हता, म्हणून तो घरीच घडवायचा असे त्यांनी ठरवले. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडले नाही. दामले या शिष्याला हाताशी घेऊन त्यांनी १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्यात लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली, ती याच चित्रपटावर.

हे सर्व चित्रपटाच्या इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात मिळते. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. महाराष्ट्र फिल्म कंपनी ही चित्रपट काढणारी संस्था होती, तशीच ती नकळत एक पाठशाळाही होती. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, बाबूराव पेंढारकर, भालजी पेंढारकर, शांताराम वणकुद्रे ही सगळी मंडळी तिथून गेली. तिथे तास नव्हता, फळा नव्हता, परीक्षा नव्हती. पडेल ते काम होते. झाडलोट करायची, पडदे रंगवायचे, उन्हाच्या दिशेप्रमाणे नेपथ्य हलवायचे, रसायनांत फिल्म धुवायची, वेळ पडली तर मिशा लावून कॅमेऱ्यापुढे उभे राहायचे. बाबूराव मितभाषी. ते समजावून सांगण्याच्या भानगडीत फारसे पडत नसत. शिकणाऱ्याने त्यांच्या हाताकडे बघत राहायचे. सुताराचा, सोनाराचा, मूर्तिकाराचा मुलगा जसा शिकतो तसेच हे शिक्षण.

आता शांतारामांचेच उदाहरण घ्या. १९०१ चा जन्म. शाळकरी वयात गंधर्व नाटक मंडळीत काही काळ गेला. घरची ओढाताण, त्यामुळे कुटुंब हुबळीला आले. सोळा-सतरा वर्षांचा हा मुलगा हुबळीच्या रेल्वे कारखान्यात यंत्रांशी झगडायला लागला. त्याच गावात पत्र्याच्या शेडमध्ये डेक्कन सिनेमा नावाचे चित्रपटगृह होते. तिथे त्याने पडेल ती कामे केली, दारावर उभा राहिला, आणि उभ्या-उभ्या चित्रपट पाहिले. फाळक्यांचे चित्रपट पाहिले ते तिथेच. फोटोग्राफरच्या आणि पाट्या रंगवणाऱ्या पेंटरच्या हाताखालीही काही दिवस काढले. १९२० मध्ये मावसभाऊ बाबूराव पेंढारकरांच्या ओळखीने तो कोल्हापूरला महाराष्ट्र फिल्म कंपनीत गेला. सुरुवातीला पगारसुद्धा नव्हता.

म्हणजे बघा. मराठी चित्रपटातल्या सर्वांत मोठ्या दिग्दर्शकांपैकी एकाचे किशोरवयातले शिक्षण झाले ते एका कानडी गावात, रेल्वेच्या कारखान्यात आणि पत्र्याच्या थिएटरच्या दारात. यंत्र कसे चालते ते कारखान्याने शिकवले. लोक कुठे हसतात, कुठे उठून बाहेर जातात, हे दाराने शिकवले. आज चित्रपट शिक्षणाच्या पुस्तकांत ‘तंत्र’ आणि ‘प्रेक्षक’ अशी दोन वेगळी प्रकरणे असतात. त्या मुलाला ती दोन्ही एकाच गावात, एकाच वयात मिळाली.

त्या काळी चित्रपट मुका होता, हीसुद्धा मोठी सोय होती. पडद्यावरची माणसे बोलत नसल्याने हुबळी आणि कोल्हापूर यांत फरक पडत नव्हता. मध्ये येणाऱ्या पाट्या एकाहून जास्त भाषांत लिहिता येत. बोलपट आल्यावरही या वाटेवरची ये-जा लगेच थांबली नाही. कन्नडचा पहिला बोलपट म्हणून ज्याचा मान आहे तो १९३४ चा ‘सती सुलोचना’ चित्रित झाला कोल्हापुरात! आज दोन्ही बाजूंनी भाषेवरून दगड उचलणाऱ्यांना ही गोष्ट कोणी सांगत नाही. उलट दिशेचे उदाहरण विष्णुपंत पागनीसांचे. चिकोडीत जन्मलेले, नाटकात स्त्री-भूमिका करत वाढलेले हे नट १९३६ मध्ये प्रभातचे ‘संत तुकाराम’ झाले. त्या चित्रपटाचा पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. देहूच्या तुकोबाला चेहरा दिला तो आजच्या कर्नाटकातल्या चिकोडीने.

आमच्या गोव्याचाही या पाठशाळेशी धागा आहे. १९४२ च्या एप्रिलमध्ये मास्टर दीनानाथ गेले तेव्हा लता मंगेशकर तेरा वर्षांच्याही नव्हत्या. मास्टर विनायकांनी त्या कुटुंबाला हात दिला. ‘पहिली मंगळागौर’ मध्ये त्यांनी काम केले, मग कोल्हापूरच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये मासिक पगारावर राहिल्या, आणि १९४५ मध्ये कंपनीबरोबर मुंबईला गेल्या. कॅमेऱ्यापुढे उभे राहणे त्यांना आवडत नव्हते हे त्यांनीच पुढे अनेकदा सांगितले. पण माइकपुढे किती अंतरावर उभे राहायचे, श्वास कुठे लपवायचा, या गोष्टी ज्या वयात अंगात मुरतात त्या वयात त्या स्टुडिओत होत्या.

या रीतीचे गोडवे गाताना तिचे दोष झाकायचे कारण नाही. ती गरजेतून आलेली होती. लहान मुले राबत, कारण घरात चूल पेटायची होती. प्रवेश मिळे तो ओळखीने. मावसभाऊ आत नसता तर शांताराम आत गेले असते काय? मुलींना तर दारच जवळजवळ बंद होते. ज्या आल्या त्या पडद्यावर दिसण्यासाठी आल्या. कॅमेऱ्याच्या मागे, संकलनाच्या टेबलावर त्यांना कोणी बसवले नाही. आणि ज्याला शिकवणारा गुरू लहरी मिळाला त्याचे आयुष्य झाडलोटीतच गेले. अशांची नावे इतिहासात येत नाहीत, म्हणून ती नव्हतीच असे समजू नये.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. १९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरात प्रभात काढली. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. १९५० च्या दशकात ती बंद पडली आणि १९६० मध्ये त्याच आवारात सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. संस्था चांगली, तिने देशाला मोठी माणसे दिली, याबद्दल वाद नाही. पण एक गंमत पाहा. ज्या मंडळींनी तो स्टुडिओ उभारला त्यांच्यातल्या बहुतेकांकडे पदवी नव्हती, आणि त्याच आवारातल्या मुख्य अभ्यासक्रमाला पदवीची अट आली. म्हणजे सोळा वर्षांच्या शांतारामाला त्या फाटकातून आत जाता आले नसते. २०१७ पासून संस्थेने लहान मुदतीचे अभ्यासक्रम गावोगाव नेले, मोबाइलवर चित्रपट कसा करावा हेही शिकवले, ही चांगली गोष्ट झाली. पण मधली पन्नासहून अधिक वर्षे निपाणीच्या किंवा खानापूरच्या मुलाला पुणे म्हणजे पदवीनंतरचे, इंग्रजीतले, दूरचे गाव होते.

आता निपाणीकडे येतो. निपाणी म्हणजे तंबाखू. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगलोर महामार्ग अडवला. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मेले, आणि निपाणीचे नाव देशभर गेले. पण निपाणीत तंबाखूवर जगणारी आणखी एक फौज होती. वखारीत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या, भरणाऱ्या बाया. नाकातोंडाला फडके बांधून धुळीत दिवस काढायचा, मजुरी तुटपुंजी, मालकाच्या माणसांचा जाच वेगळाच. अनिल अवचटांनी त्यांच्यावर लिहिले तेव्हा पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे जग पहिल्यांदा कळले. या बायांनी संघटना बांधली, संप केले.

आणि १९८२ मध्ये त्यांच्यावर चित्रपट झाला. ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हे त्याचे नाव. सुमारे पंचवीस मिनिटांचा, काळापांढरा, मराठी. तो केला युगांतर या गटाने. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि कॅमेऱ्यावर नवरोज कॉन्ट्रॅक्टर. गट बंगलोरचा, गाव कर्नाटकातले, बाया मराठी बोलणाऱ्या. सीमाप्रश्नाच्या चौकटीत न बसणारा मामला! याआधी याच गटाने पुण्याच्या घरकाम करणाऱ्या बायांवर ‘मोलकरीण’ केला होता.

माझ्या दृष्टीने या चित्रपटाची खरी गोष्ट त्याच्या रीतीत आहे. गट कॅमेरा घेऊन आला आणि दोन दिवसांत चित्रण उरकून गेला असे झाले नाही. जवळजवळ चार महिने ही मंडळी निपाणीच्या बायांबरोबर राहिली. आधी ऐकले. काय दाखवायचे, संपाची सुरुवात कशी झाली, पहिले कोण उठले, मालकाशी बोलणे कसे झाले, हे बायांनी सांगितले, आणि त्यांतले काही प्रसंग त्यांनीच पुन्हा करून दाखवले. वखारीच्या आत एरवी कोणाचा कॅमेरा जाणे शक्य नव्हते. तो गेला तो त्यांच्यामुळे. नंतर चित्रपट कामगारांच्या वस्त्यांत, संघटनांच्या बैठकांत दाखवला गेला, आणि तो पाहून बायका बोलू लागल्या.

कोल्हापूरच्या पाठशाळेत हात शिकवला जात असे. निपाणीने कान शिकवला. ज्याच्याकडे कॅमेरा वळवायचा त्याला आधी विचारायचे, त्याच्याबरोबर बसायचे, आणि झालेले काम सर्वांत आधी त्यालाच दाखवायचे. कोल्हापूरच्या रीतीत जे दोष होते, म्हणजे ओळखीने प्रवेश आणि बायांना फक्त पडद्यावर जागा, त्यांवरचा उतारा याच भागातून आला. हे दोन्ही धडे चाळीस किलोमीटरच्या आत, साठ-पासष्ट वर्षांच्या अंतराने घडले. ते कोणी एकत्र बांधले नाहीत.

तिसरा धडा थोडा लांबचा, पण त्याच राज्यातला. शिमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा आणि मित्रांनी १९४९ मध्ये ‘नीनासम’ सुरू केले. नाटक हे मुख्य काम. १९७३ मध्ये त्यांनी चित्रपट मंडळ काढले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट रसास्वाद शिकवणारे सतीश बहादूर तिथे जाऊ लागले. सुपारीच्या बागांत काम करणाऱ्या माणसांनी सत्यजित राय पाहिले, इटलीचा ‘बायसिकल थीव्ज’ पाहिला, आणि त्यांवर कन्नडमध्ये वाद घातले. जगातला उत्तम सिनेमा खेड्यातल्या माणसाला कळत नाही, हा शहरी समज तिथे मोडला. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हेग्गोडूने शिकवला तो डोळा. आपल्या मराठी सीमाभागात वाचनालये जुनी, व्याख्यानमाला जुन्या, साहित्य संमेलने गावोगावची. शब्दावर एवढे प्रेम करणाऱ्या या मुलखात दृश्यासाठी तशी घरे उभी राहिली नाहीत. पोराने कविता केली तर तिला व्यासपीठ आहे. त्याने पाच मिनिटांचा माहितीपट केला तर तो नेऊन दाखवायचा कुठे?

कोणी म्हणेल, आता याची गरजच काय? प्रत्येक पोराच्या खिशात कॅमेरा आहे. खरे आहे. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले, टिकटॉक आले, २०२० मध्ये ते बंद झाले आणि रील्स आली. बेळगावच्या गल्लीतला नववीतला मुलगा गाण्याच्या ठेक्यावर दृश्य कापतो ते पाहून जुन्या संकलकाने तोंडात बोट घालावे. आपण समजतो त्याहून या मुलांना पुष्कळ येते. जे येत नाही तेही स्पष्ट दिसते. तीस सेकंदांच्या पुढे त्यांना थांबता येत नाही. समोरचा माणूस बोलताना मध्ये गप्प झाला तर ती गप्पपणाची जागा कापली जाते, आणि पुष्कळदा खरी गोष्ट तिथेच असते. शिवाय कॅमेऱ्याचे तोंड बहुतेक वेळा स्वतःकडे वळलेले. यात मुलांचा दोष नाही. त्यांच्या हातात यंत्र आले, शिकवणारा आला नाही.

सीमाभागातल्या मुलांजवळ एक भांडवल आहे जे पुण्या-मुंबईच्या मुलांजवळ नाही. ती दोन भाषांत जगतात. घरात मराठी, शाळेत मराठी आणि कन्नड, बसस्टँडवर कन्नड, खेरीज सिनेमाची हिंदी. कोणत्या माणसाशी कोणत्या भाषेत बोलले की तो मोकळा होतो हे त्यांना न शिकवता कळते. माहितीपट करणाऱ्याला याहून मोठे कौशल्य कुठले? पण हेच द्वैभाषिकपण त्यांना आजवर ओझे म्हणून दाखवले गेले. एक बाजू म्हणते तुम्ही पुरते मराठी नाही, दुसरी म्हणते तुम्ही पुरते कन्नड नाही. कॅमेरा नीट धरायला शिकवला तर पहिल्यांदा त्यांना कळेल की आपण दोन्हीकडचे ऐकू शकणारी माणसे आहोत.

मग शिकवायचे कसे? मला वाटते, इतिहासाने आराखडा तयार करूनच ठेवला आहे. पहिले काही आठवडे मोबाइल बाजूला ठेवावा. पुठ्ठ्याच्या खोक्याला टाचणीने भोक पाडून आत उलटी पडणारी गल्ली बघावी, सकाळचे आणि दुपारचे ऊन एकाच भिंतीवर कसे पडते ते काढून पाहावे. पडदे रंगवता रंगवताच बाबूरावांनी उजेड ओळखला होता. मग हेग्गोडूसारखे एकत्र बसून चित्रपट पाहावे, आणि आवडले-नावडले यापुढे जाऊन बोलावे. मग निपाणीसारखे एका माणसाजवळ बसावे, कॅमेरा न काढता. आजी, विडी वळणारी शेजारीण, ऊसतोडीवरून आलेला काका, कोणीही. त्याने होय म्हटले तर चित्रण. संकलनात पाळीपाळीने सगळ्यांचा हात, मुलींचा आधी, कारण त्यांची पाळी शंभर वर्षे चुकली आहे. पाट्या मराठीत आणि कन्नडमध्ये. आणि पहिला खेळ त्याच गल्लीत, चादरीवर. यासाठी विद्यापीठ लागत नाही. एखादे वाचनालय, एखादा चित्रकला शिक्षक, दोन-तीन मोबाइल आणि उसना आणलेला प्रोजेक्टर पुरतो. आमच्या गोव्यात २००४ पासून दरवर्षी आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. त्याच्या रोषणाईतला एक दिवा घाटावर पाठवायला आम्हालाही हरकत नसावी.

घाई करावी असे वाटण्याचे एक कारण आहे. युगांतरचे चित्रपट अलीकडच्या वर्षांत बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेने दुरुस्त करून जपले. ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ आज परदेशांतल्या महोत्सवांत दाखवला जातो, अभ्यासक त्यावर लिहितात. नवरोज कॉन्ट्रॅक्टर २०२३ मध्ये गेले. ज्या बाया त्या चित्रपटात तरुण दिसतात त्या आज असल्या तर सत्तरीच्या पुढे असतील. त्यांच्या नातवंडांच्या खिशात कॅमेरा आहे, आणि त्यांच्यापैकी कितींनी आजीचा संप पाहिला आहे? निपाणीतल्या मुलांचा सिनेमाचा वर्ग कधी सुरू झालाच, तर पहिल्या तासाला ही पंचवीस मिनिटे दाखवावी. त्या दिवशी शिक्षकाने फार बोलू नये. मागच्या बाकावर दोन-चार म्हाताऱ्या बसलेल्या असाव्यात, म्हणजे दिवे लागल्यावर मुलांना प्रश्न विचारायला माणसे समोर असतील.